चिमणराव आणि अखंड बैठक

एका बैठकीस रात्रभर करमणूक भोगण्याची हौस आजची नव्हे. संगीत रंगभूमीच्या भरभराटीच्या काळीं 'वन्समोअर'च्या आग्रहामुळें नाटकें पहांटेपर्यंत लांबत. आज हिंगणघाट तालुक्यांतील वडनेरसारख्या गांवींही भ्रमणध्वनीवर एखादी विनोदी मालिका एका रात्रींत संपवितां येते. साधन बदललें, भूक तीच आहे.

या भुकेस पुरून उरणारे विनोदकार मराठींत झाले ते चिंतामण विनायक जोशी (१८९२–१९६३). बडोद्यास पाली भाषेचें अध्यापन करणाऱ्या या पंडितांनीं चिमणराव, त्याची पत्नी काऊ, मुलें मोरू व मैना आणि सोबतीस गुंड्याभाऊ, अशा माणसांवर कथांमागून कथा लिहिल्या. १९४० सालीं 'लग्न पहावें करून' या बोलपटांत दामुअण्णा मालवणकर व विष्णुपंत जोग यांनीं ही जोडी पडद्यावर आणली. पुढें मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांनीं ती घरोघर पोंचविली.

तींच माणसें वारंवार भेटूनही वाचक कंटाळत नाहीं, याचें कारण काय? चिमणराव स्वतःची फजिती स्वतःच सांगतो. दुसऱ्यास हिणविणारा विनोद लवकर विटतो. स्वतःवर हंसणारा मनुष्य मात्र घरचाच वाटूं लागतो.

तथापि मासिकांच्या व दूरदर्शनच्या त्या काळीं दोन भागांमध्यें अवधि असे. त्या अवधींत तोच प्रसंग जेवतांना पुन्हा सांगितला जाई आणि न पाहिलेल्यालाही हंसूं येई. अखंड बैठकींत हा वाटा उरत नाहीं. मालिका रात्रींत खुशाल संपवावी. सकाळीं तिच्यांतील एक तरी प्रसंग कोणास सांगावासा वाटला पाहिजे.