संपादकाची कादंबरी : हरिभाऊ आपटे आणि ‘करमणूक’

हरि नारायण आपटे (१८६४-१९१९) यांच्या कादंबऱ्यांतील पाल्हाळ, सैल बांधणी आणि अपूर्णता यांकडे मराठी समीक्षेने बहुधा कलावंताचे दोष म्हणूनच पाहिले आहे. हरिभाऊ आपल्या कादंबऱ्यांचे पहिले प्रकाशक आणि संपादकही होते, ही गोष्ट चरित्रात नोंदली जाते. रूपविचारात मात्र ती क्वचितच येते.

‘मधली स्थिति’ (१८८५) ‘पुणे वैभव’मधून आली, म्हणजे दुसऱ्याच्या पत्रातून. १८९० मध्ये ‘करमणूक’ निघाले आणि ‘पण लक्षांत कोण घेतो?’ त्यातून क्रमशः येऊ लागली. संमतिवयाचा कायदा झाला १८९१ साली. व्यासपीठांवरून बालविवाहाचा वाद पुरुष घालीत असताना या साप्ताहिकाच्या वाचकापुढे आठवड्यामागून आठवडा एक विधवा, यमू, आपल्या माहेरच्या-सासरच्या लहानसहान गोष्टी सांगत होती. आपल्याला पाल्हाळ वाटते ते हेच. पण तिच्या केशवपनाचा आघात असह्य होतो तो या सावकाश जडलेल्या परिचयामुळे. ग्रंथरूपात सलग वाचणाऱ्याला (आपण सारे तसेच वाचतो) हा परिचय घाईने होतो. निबंधाला जे साधले नसते, ते येथे साप्ताहिकाच्या लयीने साधले, असे मला वाटते.

अमेरिकन वास्तववादी कादंबरीकार विल्यम डीन हॉवेल्स १८७१ ते १८८१ या काळात ‘अटलांटिक मंथली’चा संपादक होता. हेन्री जेम्स, मार्क ट्वेन यांच्यासारख्यांचे लेखन त्याच्या हाताखालून गेले. हरिभाऊंपाशी असा लेखकवर्ग नव्हता. अंक भरण्याचा मोठा भार त्यांच्याच लेखणीवर होता. शिवाय आनंदाश्रमाची व्यवस्था आणि पुणे नगरपालिकेचे काम होतेच. ‘यशवंतराव खरे’, ‘आजच’, ‘मायेचा बाजार’, ‘कर्मयोग’ या सामाजिक कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या, त्याचे एक कारण येथे शोधावे लागेल. मात्र तेवढ्याने उलगडा होत नाही. ‘उषःकाल’सारखी विस्तृत ऐतिहासिक कादंबरी त्याच पत्रात पूर्ण झाली. तिचा शेवट इतिहासाने आधीच दिलेला होता. ‘आजकालच्या गोष्टीं’ना असा शेवट कोठून मिळणार? यमूला मृत्यू देता आला. सार्वजनिक कार्याची स्वप्ने पाहणाऱ्या सुशिक्षित तरुणाचे पुढे काय होते, हे त्या काळाच्या पुण्यात अद्याप घडायचेच होते.

‘करमणूक’ १९१७ मध्ये बंद पडले. दोन वर्षांनी हरिभाऊ गेले.