धाकटी प्रणाली

२००८ सालीं अँड्रॉइड प्रणालीवर चालणारा पहिला मोबाईल, एचटीसी ड्रीम, विक्रीस आला. त्यांत वेगळ्या कप्प्यांत ‘रिकव्हरी’ ही लहानशी प्रणाली होती. थोरली कोसळली, तर धाकटीनें यंत्र सावरावें. परंतु सावरतांनाच वीज गेली तर? म्हणून कामाचा हुकूम आरंभींच तिसऱ्या कप्प्यांत नोंदला जाई व काम तडीस गेल्यावरच पुसला जाई. मध्येंच वीज तोडून, यंत्र तेंच काम पुन्हां हातीं घेतें कीं नाहीं हें पाहणें, हीच या योजनेची खरी कसोटी. २०१६ सालीं अँड्रॉइड ७ मध्यें प्रणालीच्या दोन प्रती ठेवण्याची सोय झाली. नवी न चालल्यास जुनी उभी राहते. तरीही शेवटचा उपाय सर्व पुसण्याचाच. यंत्र वांचतें, प्रत न काढलेलीं घरचीं छायाचित्रें मात्र जातात.