करंट, पालखी आणि दमलेला पाय

आमच्या छत्रपती संभाजीनगरात कुणी "घाटीत करंट लावायला चाललोय" म्हणालं, तर बाहेरगावच्या मंडळींनी दचकू नये. घाटी म्हणजे १९५६ साली सुरू झालेलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय. करंट म्हणजे लुळ्या पडलेल्या स्नायूला फिजिओथेरपीत देतात तो विजेचा झटका.

या करंटच्या दोन जातींना अजून दोन जुन्या शास्त्रज्ञांची नावं आहेत. एक गॅल्व्हॅनिक. मेलेल्या बेडकाचे पाय विजेने कसे आखडतात, हे गॅल्व्हानीने १७९१ साली छापलं. दुसरा फॅरॅडिक, १८३१ च्या फॅरेडेच्या शोधातून आलेला. मणक्याला मार लागला, पण पायाची नस शाबूत असेल, तर फॅरॅडिकचे आखूड झटके पुरतात. पोलिओत नसच मरते, तिथे गॅल्व्हॅनिकचा लांब झटका लागतो.

म्हणजे पाय हलवणं दोनशे वर्षांपूर्वीच जमलं होतं. १९६१ साली लिबरसनने टाचेखाली बटण बसवून, पक्षाघातात लोंबणारं पाऊल चालताना विजेने उचललं. १९८२ साली अमेरिकेत ओहायोमध्ये नॅन डेव्हिस ही कमरेखाली लुळी झालेली विद्यार्थिनी पेट्रोफ्स्की यांच्या संगणकाच्या जोरावर काही पावलं चालली. मग पुढे घोडं कुठे अडलं?

थकव्यापाशी! आपण स्वतः चालतो तेव्हा शरीर बारीक, चिवट तंतूंना आधी कामाला लावतं, दांडगे पण लवकर दमणारे राखून ठेवतं. ही शिस्त हेनमनने १९५७ साली दाखवली. शिवाय तंतू आळीपाळीने राबतात, पालखीचे भोई खांदा बदलतात तसे. बाहेरची वीज मात्र जाड नसांना आधी गाठते, म्हणजे दमणाऱ्यांनाच, आणि दर झटक्याला त्याच भोयांना एकदम उचलायला लावते. काही मिनिटांत स्नायू ढेपाळतो. रोजच्या सरावाने तो थोडा चिवट होतो. हल्ली अनेक इलेक्ट्रोड लावून झटके वाटून देण्याचेही प्रयोग चालतात, पण शरीराची सफाई अजून त्यात नाही.

हे सगळं लिहायचं कारण आपल्याच नात्यागोत्यात आहे. भारतातला नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण २०११ सालचा, पण त्याआधीची पिढी आपल्यात आहे. त्यातल्या कित्येकांनी लहानपणी "महिनोन्‌महिने करंट घेतला, तरी पाय उठला नाही, मन लावून व्यायाम केला नसेल" असं ऐकलंय. मेलेली नस करंटने जिवंत होत नाही, मन कितीही लावा. आणि उतारवयात तीच माणसं "लवकर दमतो हो" म्हणतात, तेव्हा वाचलेल्या थोड्या नसांनी मेलेल्यांचाही भार वर्षानुवर्षं वाहिलेला असतो. त्याला आळस म्हणू नये, एवढंच.