राखणदार परत आले, त्याची गोष्ट

बुरशी म्हटलं की आपल्याला पावसाळ्यातली शिळी भाकरी आठवते, ओल आलेली भिंत आठवते. या बुरशांमधल्या एका घराण्याला मिकेली नावाच्या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञानं १७२९ साली नाव दिलं, ॲस्परजिलस. सूक्ष्मदर्शकाखाली तिचा देठ आणि वरचा गोंडा त्याला चर्चमध्ये पवित्र पाणी शिंपडण्याच्या दांडीसारखा दिसला. मला मात्र तिचं चित्र पाहून उरुसातली, लग्नमांडवातली गुलाबदाणी आठवते. फरक इतकाच, की ही गुलाबपाणी नव्हे, बीजाणू शिंपडते. धुळीतून, वाळल्या गवतातून, खताच्या खड्ड्यातून ते हवेत उडतात. तुम्ही-आम्ही रोज शेकड्यांनी ते श्वासावाटे आत घेतो आणि आपलं काही बिघडत नाही. का बिघडत नाही? मी बी.ए. झालेला कवी, डॉक्टर नव्हे. पण या प्रश्नाचा इतिहास मला एखाद्या कथाकाव्यासारखा वाटत आला आहे.

त्याची सुरुवात एका पाणपिसवेपासून होते. इल्या मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञानं १८८२ साली सिसिलीतल्या मेसिना गावी तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाला काटा टोचला. दुसऱ्या दिवशी पाहतो, तर काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला! १८८४ साली त्यानं डबक्यातल्या पाणपिसवांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या पोटात सुईसारखे बुरशीचे बीजाणू जात, आतड्याला भोक पाडून शरीरात घुसत. तिथं रक्तातल्या पेशी त्यांना घेरून गिळून टाकत. पेशी जिंकल्या तर पिसू जगे, हरल्या तर मरे. या गिळणाऱ्या पेशींच्या शोधासाठी त्याला १९०८चं नोबेल पारितोषिक पॉल एर्लिक यांच्याबरोबर विभागून मिळालं. शरीराच्या राखणदारांची ही पहिली ओळख, आणि ती बुरशीच्याच निमित्तानं झाली, हे लक्षात ठेवा.

आता विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येऊ. रक्ताच्या कर्करोगावर अस्थिमज्जा-प्रत्यारोपणाचा उपाय सापडला. डोनल थॉमस या अमेरिकन डॉक्टरांनी १९५७पासून त्याचा पाठपुरावा केला. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ साली भारतातलं पहिलं असं प्रत्यारोपण झालं. रुग्णाची आजारी मज्जा औषधांनी आणि किरणांनी नष्ट करायची, दात्याची निरोगी मज्जा द्यायची. पण त्या मज्जेबरोबर दात्याच्या टी-पेशीही येतात आणि कधी कधी नव्या घरालाच परकं समजून त्यावर तुटून पडतात. इटलीतल्या पेरुजिया शहरातल्या डॉक्टरांनी यावर एक वाट काढली. आई, वडील, भाऊ असा अर्धाच जुळणारा दाता असला, तरी त्याच्या टी-पेशी आधी काढून टाकायच्या. हल्ला टळला. पण घर कित्येक महिने राखणदाराविना राहिलं. ज्या बीजाणूंची तुम्हा-आम्हाला दादही नसते, ते या रुग्णांच्या फुप्फुसात रुजू लागले.

औषधं होती. १९५०च्या दशकात व्हेनेझुएलातल्या मातीतल्या जिवाणूपासून अँफोटेरिसिन मिळालं होतं. पण ते मूत्रपिंडांवर घाव घाली. २००२ साली व्होरिकोनॅझोल या नव्या औषधाची त्याच्याशी तुलना झाली. बारा आठवड्यांनंतर नव्या औषधाचे सुमारे ७१ टक्के रुग्ण हयात होते, जुन्याचे ५८ टक्के. सुधारणा मोठीच. तरीही दहांतले तीन जण गेलेच.

तेव्हा पेरुजियातल्याच मंडळींनी वेगळा विचार केला. राखणदार सगळे परत बोलावले तर घरावर उठतील. पण त्यातले निवडून बोलावले तर? दात्याच्या टी-पेशींची त्यांनी प्रयोगशाळेत निष्क्रिय बुरशीशी गाठ घातली. तिला ओळखणाऱ्या पेशी वेगळ्या काढून वाढवल्या. त्यातल्याही ज्या रुग्णाच्या पेशींवर उठतात, त्या बाद केल्या. उरलेल्या रुग्णाला दिल्या. २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या पेशी मिळालेल्या १० रुग्णांपैकी ९ जणांचा बुरशीसंसर्ग हटला. न मिळालेल्या १३ जणांपैकी ६ दगावले. गंमत अशी, की या टी-पेशींचं मुख्य काम स्वतः बुरशी मारणं नव्हे, तर हाकारा घालणं. त्यांच्या हाकेनं चेतणाऱ्या पेशी म्हणजे मेचनिकॉफच्या त्याच गिळणाऱ्या पेशी!

मग हा उपचार आज सगळीकडे का नाही? एक तर १० आणि १३ ही संख्या लहान, आणि कोणाला पेशी द्यायच्या हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं. दुसरं, प्रत्येक दाता-रुग्ण जोडीसाठी पेशी नव्यानं वाढवाव्या लागतात. त्यात आठवडे जातात, बुरशी तितकी थांबत नाही. म्हणून संशोधक टी-पेशींनाच बुरशी ओळखण्याचा नवा डोळा बसवू पाहतात. २०१४ साली अमेरिकेत आणि २०२२ साली जर्मनीतल्या वुर्त्सबुर्गमध्ये तसं करून दाखवलं गेलं. पण प्रयोगशाळेत आणि उंदरांवर. अशाच तंत्राचा कर्करोगावरचा भारतीय उपचार आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून उभा राहिला, २०२३ साली त्याला मान्यता मिळाली. बुरशीसाठी मात्र आजही पहिली ढाल औषधांचीच आहे.

२०२१ साली आपण महाराष्ट्रात काळ्या बुरशीचा कहर पाहिला. ती जात वेगळी, रुग्णही वेगळे; पण तीही राखण ढिली पडलेल्या शरीरातच शिरली. आपण तिची धास्ती घेतली, ते रास्तच होतं. मात्र पाणपिसवेपासून पेरुजियापर्यंतची ही सव्वाशे वर्षं पाहिली की वाटतं, बुरशी तर कायमच हवेत होती आणि राहील. खरा शोध चालू आहे तो ज्याची राखण हरवली, त्याला ती परत कशी द्यावी याचा.