टपालाने आलेलं लिनक्स

मार्च १९९६. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता. स्वतंत्र जिल्हा व्हायला अजून तीन वर्षं होती. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट भारतात येऊन जेमतेम सात महिने झालेले, तेही विदेश संचार निगमकडून आणि मोजक्या मोठ्या शहरांत. त्या महिन्यात ‘पीसी क्वेस्ट’ या इंग्रजी मासिकाच्या अंकासोबत एक सीडी आली. तिच्यात लिनक्स होतं, म्हणजे विंडोजसारखीच संगणक चालवणारी, पण मुक्त प्रणाली.

या उपक्रमामागे होते अतुल चिटणीस. जन्म बर्लिनचा, अभियांत्रिकीचं शिक्षण बेळगावच्या गोगटे इन्स्टिट्यूटमध्ये, कर्मभूमी बंगळूर. पुढे २००१ मध्ये त्यांनी ‘लिनक्स बंगलोर’ ही परिषद उभी केली आणि तीच ‘फॉस डॉट इन’ म्हणून गाजली. पण त्यांचं खरं मोठं काम ही सीडीच म्हणावी लागेल. साडेसहाशे एमबीची ती चकती २८.८ केबीपीएसच्या मोडेमवर उतरवून घ्यायची, तर सलग दोन दिवसांहून जास्त वेळ फोन अडकून पडला असता, आणि मध्ये लाइन तुटली नाही तरच. तेच सॉफ्टवेअर मासिकाच्या किमतीत, वाचकाच्या दारात! शिवाय लिनक्सचा जीपीएल परवाना असा, की एकाने विकत घेतलेली सीडी दहा जणांनी उतरवून घेतली तरी तो गुन्हा नव्हता. उलट तसं व्हावं हीच अपेक्षा होती.

२००० नंतर याच वाटेने ‘उबुंटू’ हा लिनक्सचा अवतारही आला. ‘शिपइट’ योजनेत कॅनॉनिकल कंपनी मागेल त्याला जगात कुठेही टपालाने सीडी पाठवायची. ना सीडीचे पैसे, ना टपालखर्च. एप्रिल २०११ मध्ये ही योजना बंद झाली, तोवर पिनकोड असलेलं कुठलंही गाव लिनक्सच्या टप्प्यात आलेलं होतं.

मग मराठवाड्यातल्या तालुक्यांच्या ठिकाणी लिनक्स घरोघरी का पोचलं नाही?

‘मोफत आहे’ हे प्रचारकांचं आवडतं पालुपद इथे लंगडं पडलं. अमेरिकेत विंडोजला पैसे पडत, म्हणून लिनक्सचं फुकटपण डोळ्यांत भरे. आपल्याकडे सुटे भाग जोडून संगणक बनवून देणारा दुकानदार विंडोजची चोरटी प्रत टाकूनच डबा हातात ठेवायचा. दोन्ही फुकटच म्हटल्यावर ओळखीचं सोडून अनोळखी कोण घेणार? सॉफ्टवेअर उघडून पाहायचं, बदलायचं, वाटायचं स्वातंत्र्य हा मुद्दा खरा. पण ज्याला माऊस धरायलाही अजून शिकायचंय, त्याच्या तो काय कामाचा!

त्यातून २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं आणि एमएस-सीआयटी या संगणक-अभ्यासक्रमाची केंद्रं तालुक्या-तालुक्यांत निघाली. सरकारी नोकरीसाठी हे प्रमाणपत्र लागू लागलं. खेड्यातल्या लाखो मुलांनी संगणकाला पहिल्यांदा हात लावला तो या केंद्रांत, आणि तिथे शिकवलं जायचं विंडोज, वर्ड, एक्सेल. हा अभ्यासक्रम नसता तर ही मुलं संगणकापासून दूरच राहिली असती, हेही विसरून चालणार नाही.

दुसरी गाठ अक्षरांची होती. लग्नपत्रिका, हँडबिलं, साप्ताहिकं छापणारी डीटीपीची दुकानं श्री-लिपीसारख्या फाँटांवर चालत, आणि ते फाँट विंडोजवर. प्रत्येक फाँटची सांकेतिक रचना वेगळी, त्यामुळे एकात टंकलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की नुसता चिन्हांचा गिचमिडा. या दुकानदाराला लिनक्सचं महत्त्व पटवणं म्हणजे त्याला धंदा बंद करायला सांगणं होतं. सगळ्यांसाठी एकच सांकेतिक रचना ठरवणाऱ्या युनिकोडमुळे ही गाठ सैल झाली. मुंबईतून सुरू झालेल्या ‘इंडलिनक्स’ने भारतीय भाषांसाठी स्वयंसेवक जमवले. रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या पुणे कार्यालयातून लोहित फाँट आणि लिनक्सच्या मराठीकरणाचं काम चाललं. पडद्यावरचे मेनू मराठीत दिसू लागले.

गंमत अशी, की पुढची मोठी उडी मारली ती मेनूला हात न लावणाऱ्यांनी. आयआयटी मुंबईतले रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिब्रेऑफिस, पायथन, सायलॅब अशा मुक्त सॉफ्टवेअरवर साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे तयार केले. पैसा केंद्र सरकारच्या शिक्षण मोहिमेचा. धडा थोडा ऐकायचा, थांबवायचा, शेजारच्या खिडकीत तीच कृती करून पाहायची, मग पुढे जायचं. शिकवणारा तज्ज्ञ समोर लागत नाही. निवडलेले धडे एकत्र उतरवून इंटरनेट नसलेल्या प्रयोगशाळेतही चालवता येतात. निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत. पडदा मात्र इंग्रजीच. नोकरीच्या ठिकाणी इंग्रजी मेनूच समोर येणार, असा त्यामागचा विचार.

मराठीकरणासाठी रात्री जागवणाऱ्यांना हे थोडं लागणं स्वाभाविक आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत किंवा सेनगावहून पुण्याला नोकरीसाठी जाणाऱ्या मुलीच्या बाजूने पाहिलं तर मौदगल्यांचा हिशेब बरोबर वाटतो. तिच्याच गावात राहून हळदीच्या अडतीचा हिशेब संगणकावर मांडू पाहणाऱ्या तिच्या भावाला मात्र मेनूही मराठीतच हवा असणार.