पनवेलच्या आगरी लग्नातील धवलारीण

पनवेल तालुक्यातील खाडीकाठच्या गावांत, जेथे आगरी समाज खाऱ्या पाण्याला बांध घालून भात पिकवीत आणि मिठागरांत राबत आला, तेथे लग्न लावण्याचा मान पूर्वी भटजीकडे नसून धवलारणीकडे असे. धवला म्हणजे विवाहविधीचे गीत, आणि ती गीते गाऊन एकेक विधी पार पाडणारी अनुभवी स्त्री म्हणजे धवलारीण. महानुभाव पंथातील महदंबेने तेराव्या शतकात ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंच्या विवाहाच्या निमित्ताने कृष्ण-रुक्मिणीचे धवळे गायिले, यावरून हा गीतप्रकार मराठीत किती जुना आहे हे कळते. मात्र विदर्भातील त्या रचनेशी आगरी धवल्यांचे थेट नाते जोडणे घाईचे ठरेल.

या लग्नात कामेच्छेचा उच्चार उघडपणे होत नाही. ती वस्तूंच्या हाती सोपवलेली असते. घाणा भरताना दोन मुसळे एकत्र बांधून सुवासिनी हळद किंवा धान्य कांडतात, तेव्हा उखळ-मुसळाचा अर्थ मांडवातील प्रत्येक बाईला ठाऊक असतो आणि कोणीही तो सांगत नाही. उष्ट्या हळदीचा विधी याहून सूचक आहे: नवऱ्या मुलाच्या अंगाला लावून उरलेली हळद वाटीतून नवरीच्या घरी जाते व तीच तिला लावतात, म्हणजे अंतरपाट धरला जाण्यापूर्वीच, वडीलधाऱ्यांच्या संमतीने, एका अंगाचा स्पर्श दुसऱ्या अंगापर्यंत पोचलेला असतो. नवरीची ओटी तांदूळ आणि नारळाने भरतात, त्यात शेताची सुपीकता आणि कुशीची सुपीकता एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. भातावर जगणाऱ्या समाजाने त्या वेगळ्या काढण्याचे कारणही नव्हते. ब्राह्मणी विवाहात सुपीकतेचा हाच आशय मंत्रांत असला तरी तो नवरीला न समजणाऱ्या भाषेत राहतो, तर धवलारीण तो तिच्याच बोलीत, आईच्या वयाच्या बाईच्या तोंडून ऐकवते, आणि हा फरक लहान नाही.

१९७० साली सिडको या शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची स्थापना झाली, ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादित होऊ लागल्या आणि ज्या शेतांवर ही प्रतीके उभी होती ती शेतेच सरली. शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या १९८४ च्या जासई आंदोलनातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण आले. त्या जमिनीच्या पैशाबरोबर हळदीची रात्रही बदलली, आणि घरातील बायकांचा विधी बँजो, डीजे व गावजेवणाचा जाहीर सोहळा झाला. आता अनेक घरांत मंगलाष्टकांसाठी भटजी येतात आणि धवलारणीला हळदीपुरते बोलावले जाते. ध्वनिवर्धक लागण्याआधी तिचे गाणे उरकून घेण्याची घाई यजमानांनाच असते.