जनाबाई आणि गेलिक स्तोत्रे

आमच्या परभणी जिल्ह्यात गोदाकाठी गंगाखेड आहे. हे संत जनाबाईचे जन्मगाव. तिच्या अभंगांत प्रत्यक्ष विठ्ठल जात्याशी दळायला बसतो. या जनाबाईला इतर संतांबरोबर इंग्रजीत नेले ते पुण्यात राहिलेल्या निकोल मॅकनिकोल या स्कॉटिश मिशनऱ्याने. १९१९ साली त्याने १०८ पदांचा संग्रह काढला आणि त्याला नाव दिले ‘साम्स ऑफ मराठा सेंट्स’. साम म्हणजे बायबलातले स्तोत्र. अभंगाला त्याने आपल्या उपासनेतला शब्द दिला! त्याच सुमारास रेव्हरंड टिळकही ख्रिस्ताला अभंगातून आळवीत होते. रात्री निजण्यापूर्वी मी ही दोन्ही पुस्तके आलटून पालटून वाचतो.

‘मॅक’ हा शब्द गेलिक भाषेतला, अर्थ ‘पुत्र’. त्या आडनावाचे बोट धरून मी या भाषेपर्यंत पोचलो. स्कॉटलंडच्या डोंगरांत आणि बेटांवर ती बोलली जाते. १६५९ साली पहिली ५० स्तोत्रे गेलिक पद्यात छापली गेली; १८०१ पर्यंत सारे बायबल त्या भाषेत आले. तिथल्या चर्चमध्ये एकजण ओळ सुरू करतो आणि सारी मंडळी आपापल्या हरकती घेत ती उचलतात. आपले कीर्तनकार आणि टाळकरी आठवावेत!

१८७२ च्या शिक्षण कायद्यात मात्र गेलिकला जागा मिळाली नाही. मुले शाळेत इंग्रजी शिकली, स्तोत्र तेवढे गेलिकमध्ये राहिले. मराठवाड्याला हे नवखे नाही. निजामी राजवटीत वरचे शिक्षण उर्दूतून होई. मराठी राहिली ती जात्यावरच्या ओवीत, पोथीत, सप्ताहात. १७ सप्टेंबर १९४८ नंतर आम्हांला शाळाही मिळाली. गेलिकला ती फार उशिरा मिळाली. १९०१ मध्ये स्कॉटलंडात ती बोलणारे दोन लाखांवर होते; २०११ मध्ये सुमारे ५७ हजार उरले.

घराच्या हुरहुरीला गेलिकमध्ये ‘कियानलस’ म्हणतात. वारकरी पंढरीला माहेर म्हणतो, त्याच जातीची ही ओढ. पण भाषाच हरवली तर माहेरी जायचे कोणत्या वाटेने? भक्तीने भाषा जपली जाते खरी; पण ती देवघरापुरतीच उरली, तर मुले नमस्कार करून बाहेर पडतात. माझ्या वर्गातल्या मुलांना जनाबाई ठाऊक आहे ती धड्यातून. म्हणून वाचकहो, यंदा फराळाला सारे जमाल तेव्हा तिचा एक अभंग मुलांकडूनच मोठ्याने म्हणवून घ्या.